टॅबबाईला कोयता कळत नाही

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांनी गुलाबाचं एकेक फूल दिलं आणि बंकट सरांनी टॅब दिला. फूल संध्याकाळपर्यंत सुकलं. टॅबचं काय होतंय ते बघू.

बंकट सर आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, पण वरून जे येईल त्याला मान डोलवायची, एवढी एकच विद्या त्यांना येते. वरून झाडं आली, झाडं लावली, वाळली. वरून हात धुण्याचा दिवस आला, नळाला पाणी नसताना हात धुतले. आता वरून एआय आलंय. शाळेला चार टॅब, आणि त्यात मराठीत बोलणारा चॅटबॉट. "मॅडम, आता पोरांच्या शंका हाच फेडणार," म्हणाले. मी म्हटलं, "मग आम्ही काय करायचं?" तर म्हणाले, "आपण फोटो पाठवायचे." हे त्यांनी गमतीनं म्हटलं नाही.

टॅबचा कारभार दिला प्रविण सरांकडं. विज्ञान शिकवतात, केसाला काहीतरी चोपडतात आणि प्रत्येक नव्या गोष्टीपुढं गुडघ्याला बाशिंग बांधून उभे असतात. मला मॅडम म्हणतात. बाई म्हणा, असं दहा वेळा सांगून झालं.

जाता जाता सगळ्यांच्या फोनवर एक लिंक आली. 'अध्यापनात एआय : शिक्षकांचा आत्मविश्वास व दृष्टिकोन'. एक ते पाच गुण द्यायचे. 'मी चॅटबॉट आत्मविश्वासाने वापरू शकते' – एक. 'चॅटबॉटमुळे माझे अध्यापन सुधारेल' – एक. शून्य ठेवलेलंच नव्हतं. 'विद्यार्थ्याच्या प्रश्नामागची अडचण मी यंत्रापेक्षा चांगली ओळखते' – पाच. हे विचारायचं तरी काय? सारा जन्म मराठी शिकवण्यात गेला. पोरगं तोंड उघडायच्या आत मला कळतं, कुणाचं पोट दुखतंय आणि कुणाचा गृहपाठ राहिलाय. पाचाच्या वर काही असतं तर तेही भरलं असतं.

९ सप्टेंबर

बीडला प्रशिक्षण. घर बीडलाच, म्हणून आज वाडीच्या जीपमध्ये कोंबून घ्यावं लागलं नाही, एवढाच फायदा. एरवी रोज बसस्टँडपासून कपिलधारच्या रस्त्यानं वाडीतल्या शाळेपर्यंत गुडघे छातीला लावून जाते आणि तशीच येते.

शिकवायला पुण्याचं एक पोरगं आलतं. "मॅम, तुम्ही फक्त प्रॉम्प्ट द्या, बाकी सगळं तो जनरेट करेल." आमच्यातल्या एकानं विचारलं, "हा आमच्या ऑनलाईन माहित्या भरून देईल का?" पोरगं म्हणालं, थोडंफार देईल. त्यावर जी टाळी पडली, तशी टाळी मी या हॉलमध्ये कुणाच्या सत्कारालासुद्धा ऐकली नव्हती. दुसऱ्या एका महाभागानं यंत्राकडून शिक्षणाधिकारी साहेबांवर कविता करून घेतली. 'ज्ञानाचा दीप तुम्ही, आम्ही वाती' असलं काहीतरी. साहेबांचे डोळे पाणावले. यंत्राला लाज नसते हे समजू शकते, पण वाचणाऱ्याला?

शेवटी मी उठले. म्हटलं, "पोरगं विचारतं एक आणि त्याला पाहिजे असतं दुसरंच. हे तुमच्या पोपटाला कळतं का?" पोरगं हसून म्हणालं, "मॅम, त्यासाठी तर तुम्ही आहात ना." दिवसभरात त्याचं एवढंच वाक्य खरं निघालं, आणि त्याला कुणी टाळी वाजवली नाही. समोसा गार होता.

१२ सप्टेंबर

दहावीचे निबंध तपासले. विषय 'माझे गाव'. प्रविण सरांनी सुटीत पोरांच्या हाती टॅब दिलता, त्याची फळं आली. प्रत्येकाच्या गावात खळखळ वाहणारी नदी. वाडीत नदी? पावसाळ्यातला ओढासुद्धा दोन दिवस वाहतो आणि तिसऱ्या दिवशी बाभळीत गुडूप होतो. प्रत्येकाच्या गावात 'पाखरांचा मंजुळ किलबिलाट'. एकाच्या गावात तर समुद्रकिनारा निघाला. त्याला विचारलं, समुद्र कुठं आहे रे? म्हणाला, "टॅबबाईनं सांगितला, बाई."

टॅबबाई! बाईच्या आवाजात बोलतं म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. म्हणजे एवढी वर्षं या शाळेत बाई म्हटलं की मी, आणि आता दोन बाया झालो. मी सगळ्यांना शून्य दिलं. एकट्या सायलीनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पण सहा ओळींतच संपवलं. शेवटची ओळ 'दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं राहतात'. शुद्धलेखन बरं आहे. दहापैकी चार दिले.

१५ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा गेला. परिपाठ झाल्यावर मैदानात टॅबचं प्रात्यक्षिक होतं. प्रविण सरांनी माईकवर जाहीर केलं, "कुणीही या, काहीही विचारा." हत्ती काय खातो, चंद्रावर कोण गेलं, असले प्रश्न झाले. यंत्र फडाफडा उत्तर देतंय आणि बंकट सर त्यांनीच त्याला जन्म दिल्यासारखे बघतायत.

मग दहावीच्या रांगेतून सायली उठली. ही शेवटच्या बाकावरची पोरगी, हिनं आपणहून हात वर केलेला मला आठवत नाही. बाप आश्रुबा ऊसतोडीला जातो. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कारखान्यावर जातात आणि ही उन्हाळ्यापर्यंत आजीपाशी राहते. पुढं आली, टॅब दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "अर्धा कोयता असंल तर पुरा कसा करतेत?"

टॅबबाई म्हणाली, "खूपच छान प्रश्न! तुटलेला कोयता दुरुस्त करण्यासाठी प्रथम पाते आणि मूठ वेगळी करावी. त्यानंतर लोहाराकडून..."

मैदान फुटलं हसून. पहिलीची पोरंसुद्धा. मी हसता हसता खुर्चीचा आधार घेतला. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, जोडी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी आगाऊ उचल देतो ती कोयत्याला देतो, सुट्या माणसाला नाही. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी विचारत नाही. बायको आली की कोयता पुरा. हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि सगळ्या जगाचं ज्ञान प्यालेल्या यंत्राला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रविण सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. पोरगी मात्र हसली नाही, उत्तर पूर्ण होईपर्यंत टॅब धरून उभी होती. शेवटच्या बाकावर असलं रत्न बसलंय हे मला आजवर कळलंच नव्हतं.

१८ सप्टेंबर

सायलीला मुद्दाम स्टाफरूममध्ये बोलावलं आणि टॅब पुढं ठेवला. म्हटलं, विचार आणखी काहीतरी आपल्याकडचं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, अगं भिऊ नको, कोयत्याचंच विचार.

तिनं विचारलं, "पोरीला इचारल्याबिगर कोयता पुरा करता येतो का?"

"कोणतेही धारदार अवजार हाताळण्यापूर्वी लहान मुलांनी मोठ्यांची परवानगी अवश्य घ्यावी," टॅबबाई उवाच. बंकट सरांच्या हातातला चहा सांडला. मी सायलीला माझा निळा पेन बक्षीस दिला. आजही हसली नाही. खरा विनोदी माणूस स्वतः हसत नसतो, हे मी वर्गात नेहमी सांगते.

डोक्यात एक कल्पना आलीय. ९ ऑक्टोबरला केंद्राची शिक्षण परिषद आहे. आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक, वर साहेब. तिथं 'एआय आणि मी' यावर प्रत्येक शाळेनं अनुभव सांगायचाय. बाकीचे कविता करतील. मी सायलीला उभी करीन.

जाता जाता बंकट सरांना विचारलं, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का? आई-बाप ऊसतोडीला गेले की पोरांची राहण्या-जेवणाची सोय होते ती यातून. दरसाल पाठवावा लागतो. म्हणाले, "मॅडम, आधी टॅबचा अहवाल जाऊ द्या, त्याच्यामागं फार लागलेत." म्हणजे पोरं उपाशी राहिली तरी फोटो स्पष्ट आले पाहिजेत.

२४ सप्टेंबर

आज जरा विरस झाला. मधल्या सुटीत दहावीच्या वर्गावरून जाताना आवाज ऐकला म्हणून दारात थांबले. सायली एकटीच टॅबपुढं.

"कोयता म्हंजी हत्यार न्हाई," ती त्याला सांगत होती. "नवरा-बायकू. एका पोराचा अर्धा कोयता हाय. पोरगी धाव्वीत हाय."

झालं! पोरीनं पेपर फोडला. मी आठवडाभर जपलेला हुकमाचा पत्ता हिनं त्याच्याच हातात दिला. आणि यंत्राचा आगाऊपणा बघा. शब्द कळला मात्र, थेट घरातच घुसलं. "हे मला सांगितल्याबद्दल धन्यवाद. ही मुलगी तू आहेस का? तुझ्यावर कुणी जबरदस्ती करत आहे का?" पोरगी काय बोलणार असल्या चौकशीला? मग सुरू झालं व्याख्यान. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, एक शून्य नऊ आठ या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन कर, आणि शेवटी काय, तर "तुझ्या विश्वासातल्या एखाद्या शिक्षिकेशी बोल."

मला हसू आवरेना. एवढी अक्कल पाजळून शेवटी आमच्याच दारात! सायलीनं वळून बघितलं. मी दारात हसत उभी, ती बाकावर. मी आत गेले आणि म्हटलं, "अगं वेडे, त्याला अर्थ सांगायचा नसतो. अर्थ सांगितला तर गंमत काय राहिली? परिषदेत असं करू नकोस." ती "व्हय बाई" म्हणाली आणि टॅब कपाटात ठेवून आली. आज्ञाधारक पोरगी आहे.

२६ सप्टेंबर

माझा १०९८ स्टाफरूममध्ये चांगलाच चाललाय. चहा उशिरा आला की मी म्हणते, लावा दहा-अठ्ठ्याण्णव. खडू संपले, लावा दहा-अठ्ठ्याण्णव. आज बंकट सरसुद्धा म्हणाले.

प्रविण सर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, ही पोरगी सारखं तेच का म्हून इचारती?" मी म्हटलं, "कारण तिला भाषा कळते. तुम्हाला कळली असती तर तुम्ही विज्ञान शिकवलं नसतं." बोलायचं नाही म्हणते, पण या माणसाचं तोंड बघितलं की बोलून जाते.

भाषणाचा खर्डा झाला. सुरुवात अशी : 'यंत्राला शब्द येतात, माणूस येत नाही.' दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं. छान वाटतं.

३० सप्टेंबर

नवरात्राची गडबड, त्यात पावसानं झोडपलंय, निम्मी पोरं गैरहजर. दुपारी सायलीची आजी बायनाबाई शाळेत आली. डोक्यावरचा पदर ओला, पायात काही नाही. म्हणाली, दसरा झाल्यावर नारायणगडाला दर्शनाला जायचंय, पोरगी चार दिवस येणार नाही.

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "मावशी, देव कुठं पळून चाललाय का? ९ तारखेला परिषद आहे. साहेबांपुढं बोलायचंय तुमच्या नातीला. नंतर न्या गडाला." म्हातारी उंबऱ्यावर बसून राहिली. मी वह्या तपासत होते. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाई, पोरीच्या जातीला साळंतच ठिवता आलं असतं रातचं बी, तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, शाळा म्हणजे काय धर्मशाळा आहे का मावशी? तिला जाताना परत बजावलं, ९ तारीख. तिनं मान हलवली. या लोकांना शिक्षणाचं महत्त्व कधी कळणार कुणास ठाऊक.

७ ऑक्टोबर

सायली कालपासून नाही. एवढं सांगूनही नेलीच गडाला. पोरांना विचारलं तर एकमेकांकडं बघतात. हिच्याशिवाय माझ्या भाषणात राहिलं काय? बंकट सर म्हणतात दुसरी पोरगी घ्या. दुसरीला ते जमणार नाही, तिच्यासारखं निर्विकार तोंड ठेवून विचारता आलं पाहिजे.

९ ऑक्टोबर

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी वाडीत उतरले. पोरगी शाळेत नाही. परिषद अकराला. प्रविण सरांना म्हटलं, काढा गाडी, घरून घेऊन येऊ. जन्मात मोटारसायकलवर परक्या माणसामागं बसले नव्हते, तीही हौस फिटली. घर वस्तीच्या अगदी टोकाला. दारात चार मेढींवर जांभळीच्या डहाळ्या टाकलेल्या. मला वाटलं, नवरात्राचं काही राहिलं असेल.

सायली पाटावर बसली होती. कोपरापर्यंत हळद.

आणि मी काय बोलले? "अगं, आज परिषद आहे, अजून तयार नाहीस?" हे मी बोलले. जसंच्या तसं लिहून ठेवते.

आश्रुबा लगबगीनं पुढं आला, हात जोडले. "या बाई. बरं झालं आलात, अक्षदा टाकूनच जावा. आता कशाची परिषद? आमच्या टोळीतल्या अजिनाथचा अर्धा कोयता व्हता, त्यो पुरा झाला आज. आठ दिसांत टोळी निघती."

चातुर्मास चालू, ना तिथी ना मुहूर्त, ना वाजंत्री. आणि तेच शब्द. अर्धा. पुरा. महिनाभर मी ते स्टाफरूममध्ये वाजवत होते, लोकांना करून दाखवत होते. सायलीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी वर्गातून वळून बघितलं होतं, अगदी तसंच.

मी लिंबाखाली गेले आणि फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. पलीकडं एक पोरगी बोलत होती, तिनं मुलीचं वय विचारलं, गाव विचारलं. मी वय सांगितलं. पंधरा. प्रविण सरांना काहीच सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी गाडी बोळात आडवी लावली आणि सीटवर बसून राहिले. अजिनाथचे लोक आले, शिव्या दिल्या, गचांडी धरली. तो माणूस उतरला नाही. केस तेवढे विस्कटले.

ग्रामसेवक आला, पोलीस आले. मुंडावळ्या सुटल्या. अठराच्या आत लग्न लावणार नाही, असं बापाकडून लिहून घेतलं. बायका मला ऐकू जाईल असं बोलत होत्या, की हिला पोरगी नाही म्हणून दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं करायला आलीय. बोलू दे.

सगळे पांगल्यावर आश्रुबा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मला वाटलं हात उचलतो. पण तो हळू बोलला. "मोडलं. चांगलं केलं म्हना. लेक वयात आली, बाई. माझ्या मायला रातचं दिसत न्हाई. आमी दोघं सहा महिने कारखान्यावर. वस्तीवर कोन कसा, तुमाला काय सांगू. वसतिगृहाचं सरांना इचारायला गेलतो, तर म्हनले औंदा कागदच गेला न्हाई. मंग कुनाच्या भरवशावर सोडू? तुमी ठेवता का?"

सगळी वस्ती बघत होती. मी "ठेवते" म्हणाले. ते मायेनं वगैरे निघालं नाही, रागानं निघालं. कुणाचा राग, ते आत्ता लिहीत नाही.

१० ऑक्टोबर

परिषदेत माझ्या वेळेत बंकट सरांनी टॅबचे फोटो दाखवले, असं कळलं. शाळेचं अभिनंदन झालं. सायलीच्या प्रश्नाच्या दिवशीचा फोटोही होता त्यात. टॅब धरून उभी पोरगी, मागं हसणारे शिक्षक. खाली लिहिलेलं, 'आनंददायी शिक्षण'.

बंकट सर मला आत बोलावून म्हणाले, "मॅडम, गावाशी वैर घ्यायची काय गरज होती? आपल्याला इथंच नोकरी करायचीय." मी म्हटलं, "वसतिगृहाचा कागद कुठंय?" टेबलाच्या खणात होता. त्यावर टॅबच्या खोक्याची वॉरंटी ठेवलेली. मी तो स्वतः घेऊन बीडला गेले आणि पोच घेतली. उशीर झालाय म्हणाले. उशीर झालाय हे मला कुणी सांगायला नको होतं.

भाषणाचा खर्डा फाडून टाकला.

१३ ऑक्टोबर

बालकल्याण समितीपुढं उभे राहिलो. आश्रुबा, सायली आणि मी. पोरगी माझ्याकडं ठेवायच्या सह्या झाल्या. बाहेर आल्यावर आश्रुबानं पोरीच्या हातात वेफरचा पुडा दिला आणि आमच्या रिक्षाकडं न बघता बसस्टँडकडं चालत गेला. त्याची टोळी निघायचीय. तो मला रागावलेला आहे, आणि त्याला जरा हलकंही वाटतंय. दोन्ही त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

पोरगी घरात आल्यापासून भांडी घासत सुटलीय. म्हटलं, ठेव ती, अभ्यासाला बस. दहावी आहे तुझी. बसली, पण जेवताना उठून परत भांडी गोळा करायला लागली. मी ओरडले. मला घरात कुणाची सवय राहिलेली नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. सायलीनं दारात रांगोळी काढली, वाकडी. मी पुसून सरळ करायला निघाले होते, राहू दिली. बायनाबाईला संध्याकाळी फोन लावून दिला.

दिवे लावताना मी शेवटी विचारलंच. "त्या यंत्रापुढं इतके दिवस डोकं फोडलंस. मला सरळ का नाही सांगितलंस?" जरा चिडूनच विचारलं.

ती वात तेलात बुडवत होती. म्हणाली, "टॅबबाईला कोयता कळत न्हवता, म्हनून तिला इचारलं. तिला समदं पैल्यापासून सांगावं लागतं, मग सांगता येतं. तुमाला तर ठावंच व्हतं, कोयता म्हंजी काय. मला वाटलं, तुमाला कळलं असंल." मग म्हणाली, "तिनं सांगितलं, इस्वासाच्या बाईला सांग. मी वळून तुमच्याकडं बघितलं, बाई. तुमी हसत व्हता."

तक्रार म्हणून नाही म्हणाली. पणतीला बोट लागलं ते चाटलं आणि पुढची पणती घेतली. मी आत जाऊन उगाच डबे लावत बसले.

यंत्राबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पोपट तो पोपटच. खळखळ वाहणारी नदी अजून मला माफ करता आलेली नाही. बंकट सरांबद्दलचं मत तर आणखी खाली गेलंय. फक्त प्रविण सर मला मॅडम म्हणाले तरी मी हल्ली काही बोलत नाही.

जेवणं झाल्यावर फोन वाजला. तीच लिंक परत आलीय, दुसरी फेरी. 'आपला दृष्टिकोन बदलला का?' लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लिंक पाठवणाऱ्यांना काय म्हणावं? पहिले दोन प्रश्न झटक्यात भरले, एक आणि एक. मग तो आला. 'विद्यार्थ्याच्या प्रश्नामागची अडचण मी यंत्रापेक्षा चांगली ओळखते.' मागच्या वेळी पाच भरायला क्षणही लागला नव्हता. हा सोडून पुढं जावं म्हटलं तर जाऊ देत नाही, तारा लावलाय त्याच्यावर. भरल्याशिवाय सुटका नाही.

सायली शेजारी येऊन बसली. माझा अंगठा तसाच थांबलेला बघून म्हणाली, "काय झालं बाई, चालंना का?"

मी फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, "एवढा एक तू भर."

"काय भरू?"

"तुला जे वाटतं ते."

तिनं प्रश्न ओठ हलवत वाचला, दोनदा वाचला. मग एक आकडा दाबला आणि फोन मला परत दिला. मी तो न बघताच उलटा करून ठेवला आणि दारातल्या पणत्यांत तेल घालायला गेले.